पी५३ची सुटका : पेप्टाइडची संगणकावरील घडण

पेशीतील डीएनएला इजा झाली की पी५३ हे प्रथिन पेशीचे विभाजन रोखते आणि दुरुस्ती अशक्य असेल तर तिला मरण पत्करायला लावते. सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत पी५३चे जनुकच बिघडलेले असते. उरलेल्यांपैकी अनेकांत ते धडधाकट असूनही हतबल असते, कारण एमडीएम२ हे प्रथिन त्याला धरून ठेवते आणि नाशाच्या वाटेला लावते. एमडीएम२वरील पी५३ची जागा अडवून ही पकड सोडवण्यासाठी पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, घडवल्या जातात.

१९९६ मध्ये न्यूयॉर्कमधील निकोला पावलेटिच यांच्या गटाने या पकडीची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. पी५३चा एक तुकडा सर्पिल होऊन एमडीएम२च्या खोबणीत बसतो. फेनिलअलानिन, ट्रिप्टोफॅन आणि ल्युसिन ही तीनच अमिनो आम्ले तिथे खोल रुततात. संगणकावर एकेका अमिनो आम्लाच्या जागी बारीक अलानिन ठेवून बंध किती सैल होतो, याचा हिशेब करतात. जिथे तो फार सैल होतो त्या मोक्याच्या जागा राखून बाकीच्या बदलून पाहतात. मात्र सुटा पेप्टाइड पाण्यात सतत आकार बदलतो. खोबणीत त्याला एकाच आकारात थांबावे लागते आणि त्यासाठी खर्ची पडणारी ऊर्जा बंधातून वजा होते. हार्वर्डमधील ग्रेगरी व्हर्डाइन यांच्या गटाने २००० मध्ये सर्पिलाच्या वळणांना हायड्रोकार्बनचा टाका घातला. टाका घातलेली साखळी आधीच सर्पिलाकडे झुकलेली असल्याने हा खर्च घटतो.

२०२३ मध्ये सिॲटलच्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने ‘आरएफडिफ्यूजन’ हे प्रथिने रचणारे संगणकीय साधन वापरून पी५३च्या सर्पिलाभोवती नवी प्रथिने रचली. तपासलेल्या ९५ पैकी ५५ एमडीएम२ला चिकटली. सर्वांत घट्ट रचनेचा बंध ०.५ नॅनोमोलरचा होता (आकडा जितका लहान, तितका बंध घट्ट). पी५३च्या मूळ पेप्टाइडचा सुमारे ६००चा.

खोबणीत घट्ट बसणे हा मात्र औषधाचा एक भाग झाला. एमडीएम२ पेशीच्या आत असते आणि ध्रुवीय साखळीला पेशीचे स्निग्ध आवरण सहज ओलांडता येत नाही. रक्तातील विकर तिचे तुकडे करतात. लहान पेप्टाइड मूत्रपिंडे झपाट्याने बाहेर टाकतात. टाक्याने विकरांपासून बराच बचाव होतो, पण पेशीत शिरण्याची खात्री नसते. तिथे साखळीवरचा विद्युतभार आणि तिची स्निग्धता यांचा तोल सांभाळावा लागतो. शिवाय निरोगी पेशींतही एमडीएम२ पी५३ला आवरत असते. तिथली पकड सुटली तर अपाय होऊ शकतो. एमडीएम२ आणि त्याचे भावंड एमडीएमएक्स या दोघांना रोखणारा, टाका घातलेला एएलआरएन-६९२४ हा पेप्टाइड माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचला. २०२३ मध्ये तो विकसित करणाऱ्या कंपनीने ते काम थांबवले. या सगळ्या अडथळ्यांमुळे नव्या रचनांमध्ये बंधाच्या ऊर्जेबरोबरच आवरण ओलांडण्याची क्षमता आणि विकरांपुढचा टिकाऊपणा यांचाही हिशेब पहिल्या आराखड्यापासूनच धरणे आवश्यक आहे.