गाव रिकामे झाले तरी घर बेवारस नव्हे

नदीचे पाणी चढू लागले की तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील दारोदार सांगत फिरतात, ‘गाव सोडा.’ बायका-पोरं ट्रॅक्टरमध्ये बसतात. कर्ता माणूस मात्र उंबऱ्यातच रेंगाळतो. ‘तुम्ही व्हा पुढं, मी घर राखतो,’ म्हणतो. मागं कुणी कुलूप फोडलं तर, ही त्याची धास्ती. म्हणजे आपत्तीतली चोरी हा नुसता भांड्याकुंड्यांचा प्रश्न नाही. तिच्या भीतीपायी माणसे जीव धोक्यात घालतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. दागदागिने, धान्य मातीत आणि मालक दगावलेला, नाही तर दवाखान्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या लाखो लोकांना घरे सोडावी लागली. अशा वेळी घर राखायचे कुणी?

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. घरातून किंवा माल साठवलेल्या इमारतीतून चोरी केल्यास कलम ३०५ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद. चोरीसाठी रात्री घरफोडी केल्यास कलम ३३१ प्रमाणे चौदा वर्षांपर्यंत. मयताजवळची चीजवस्तू लबाडीने लाटणाऱ्याला कलम ३१५ खाली तीन वर्षांपर्यंत. मदतीचा पैसा वा साहित्य हडपणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५३ नुसार दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मात्र चोरी आपत्तीच्या काळात केली म्हणून जादा शिक्षा देणारे वेगळे कलम संहितेत नाही. उलट कलम ३०३ मध्ये पाच हजारांच्या आतली साधी चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. पूरग्रस्ताच्या रानातले पाइप नेणारासुद्धा त्यातच बसू शकतो. एरवी हे ठीक. पण गाव पाण्यात असताना? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आणीबाणीतील लुटीसाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलम आहे. तशी तरतूद आपल्याकडेही व्हावी, ही मागणी रास्तच आहे.

गावाने काय करावे?

पण कलम कितीही कडक असले, तरी चोर सापडला आणि पुरावा टिकला तरच त्याचा उपयोग. म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या सामानाचे फोटो काढा. मोटारीची पावती, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर सोबत ठेवा. चोरी झालीच, तर ज्या गावी आसऱ्याला आहात तिथल्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. तक्रारीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या.

सरपंच आणि पोलीस पाटलांनी कुलूपबंद घरांची यादी करावी. ग्राम सुरक्षा दलाच्या पाळ्या लावाव्यात. पोरांना पाण्यात न पाठवता गावात शिरायच्या वाटेवर आणि नाव लागते तिथे उभे करावे. येणाऱ्या-जाणाऱ्याचे नाव लिहावे. संशयित सापडला तर मारहाण नको, ११२ वर कळवून पोलिसांच्या ताब्यात द्यावा.

आणि पहारा कोण देणार, हे गाव सोडण्याआधी चावडीवर सांगा. घर राखले जाणार, ही खात्री पटली की उंबऱ्यातला माणूस आपणहून ट्रॅक्टरमध्ये चढेल.