भांडुपला जाम होणारा ब्रेक

घाटकोपरहून निघताना ब्रेक झकास. विक्रोळीला पेडल जरा कडक लागतं. कांजूरमार्गला गाडी जड, हातब्रेक सोडायचा राहिलाय की काय असं वाटायला लावणारी. भांडुपला पुढच्या चाकांतून करपल्याचा वास. वैतागून कडेला लावावी, वडापाव खावा आणि अर्ध्या तासानं पाहावं, तर गाडी पुन्हा मोकळी! जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले, की लाल बहादूर शास्त्री मार्गावर हा खेळ रंगू शकतो. मेकॅनिकपाशी पोचेपर्यंत गाडी थंड झालेली असते, आणि थंड गाडीत तो दोष सापडतच नाही.

पद्मिनी याच भागातली माहेरवाशीण. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं, पण मुंबईच्या तोंडी ती फियाटच राहिली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. घरोघरी जपलेल्या काही मात्र अजून फिरतात, आणि त्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात.

ड्रम का बदलायचे? माणसांसकट हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, तर जवळजवळ १ लाख ४० हजार ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात अर्धा लिटर पाणी जवळजवळ उकळीला येईल. म्हणजे एका सिग्नलला सहा कटिंग चहा! ड्रमच्या बंद डब्यात ही उष्णता कोंडते, डिस्क मात्र उघड्यावर फिरत वारा खाते. फ्रेडरिक लँचेस्टरनं या कल्पनेचं पेटंट १९०२ सालीच घेतलं होतं. ल मान्सची शर्यत डिस्कवाल्या जॅग्वारनं जिंकली ती १९५३ मध्ये. अर्धशतक मध्ये गेलं.

ड्रमचा एक गुण आपण गृहीत धरतो. फिरणारा ड्रम पुढचा लायनर स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे पायाला फुकटची मदत मिळते. डिस्ककडे ती सोय नाही. म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लावायचा, बूस्टरबरोबर बहुधा ब्रेक ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडरही नवा येतो, आणि दोघांच्या मध्ये बोटभर लांबीची एक दांडी. आपला चोर तिथेच दडलेला असू शकतो.

मास्टर सिलिंडरच्या आत, पिस्टनच्या अगदी पुढे, टाचणीनं पाडावं तसं एक बारीक भोक असतं. पाय उचलला, पिस्टन पूर्ण मागे आला, की हे भोक उघडतं आणि तापून फुगलेलं ब्रेक ऑइल टाकीत परत जातं. दांडी मिलिमीटरभर लांब झाली तर पिस्टन पूर्ण मागे येतच नाही आणि भोक झाकलेलं राहतं. मग ऑइल तापतं, फुगतं, त्याला वाट मिळत नाही, ते पॅडलाच डिस्कवर दाबतं. पॅड घासून आणखी तापतं. पायाला न विचारता ब्रेक स्वतःच स्वतःला लावत जातो! वडापाव संपेपर्यंत ऑइल थंड होऊन आकसलेलं असतं.

दुसरा संशयित ड्रमच्या जमान्यातला. जुना मास्टर सिलिंडर ठेवला असेल, तर त्यात थोडा दाब मुद्दाम अडवून ठेवणारी झडप असू शकते, साधारण १० पीएसआयची. ड्रममध्ये लायनर मागे खेचायला दणकट स्प्रिंगा असतात, त्यांना एवढ्या दाबाची पर्वा नसते. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये मात्र स्प्रिंगच नाही! पिस्टनभोवतीचं चौकोनी काठाचं रबरी कडं ब्रेक मारताना किंचित पिळवटतं, पाय उचलल्यावर सरळ होतं, आणि तेवढ्याच जोरावर पिस्टन केसभर मागे येतो. लाखावर ज्यूल गिळणारं यंत्र सुटतं ते एका रबराच्या आळसावलेल्या पिळावर. मला तर यापुढे बूस्टरही फिका वाटतो. त्या रबराला १० पीएसआयही भारी पडतात.

चोर पकडायचा तर ब्रेक जाम असतानाच. चाकांना उटी लावून, पुढचं चाक जॅकवर उचलून, पेडलकडून चाकाकडे यायचं. आधी मास्टर सिलिंडरचे नट थोडे सैल करून तो पुढे सरकू द्यायचा. चाक सुटलं? दांडी लांब आहे. नाही सुटलं, तर सिलिंडरपाशी पाइपाची जोडणी ढिली करायची. इथे सुटलं तर झडप किंवा सिलिंडर. तरीही घट्टच असेल तर कॅलिपरचं हवा काढायचं निपल उघडायचं. ऑइल चिळकन उडून चाक फिरलं, तर मधला रबरी होज आतून फुगून बुजलाय. तेही नाही, तर कॅलिपरच अडकलाय. प्रत्येक वेळी पुन्हा आवळून हवा काढायची, आणि निपल वरच्या बाजूलाच हवं. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर ते खाली जातं, हवा वर बसून राहते, आणि पेडल कितीही मारलं तरी स्पंजासारखंच लागतं.

दांडीच लांब निघाली, तर तिचा नट अर्धा फेरा फिरवून ती आखूड करायची, आणि मग पुन्हा घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप. मुलुंड चेकनाक्याला उतरून रिमजवळ तळहात धरायचा. दोन्ही बाजू सारख्याच कोमट लागल्या, तर तिथूनच परत फिरायचं.