सुटलेल्या लक्षाचे मोजमाप

लक्ष सुटलेले बाहेरून दिसत नाही. दादर-परळहून धावणाऱ्या लोकलमध्ये मोटरमनचा हात ‘डेडमॅन हँडल’वरून निघाला की ब्रेक लागतात; पण हात जागेवर आणि मन भलतीकडे, हे त्या यंत्रणेला उमगत नाही. प्रयोगशाळेत लक्ष सुटल्याचे प्रतिसादाच्या वेळेवरून किंवा चुकांवरून ताडतात.

मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांच्या १९४८च्या प्रसिद्ध प्रयोगात घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा दर सेकंदाला एक घर सरके, क्वचित दोन. दोन घरांची उडी टिपायची, तीही दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटू लागल्या.

सध्या रूढ असलेल्या दहा मिनिटांच्या चाचणीत २ ते १० सेकंदांच्या अनियमित अंतराने खूण झळकते. दिसताच बटण दाबायचे. ५०० मिलिसेकंदांहून उशीर म्हणजे लक्ष सुटले. ही रेघ सोयीसाठी ओढलेली आहे; मुळात संथ असलेला माणूस तिच्यामुळे नाहक बेसावध ठरतो. सरासरी तर आणखी फसवी. समजा, ९० प्रतिसाद २५० मिलिसेकंदांचे आणि चार पुऱ्या सेकंदाचे आले, तर सरासरी भरते जेमतेम २८२. चार वेळा माणूस हरवला होता, हे त्यात बुडून जाते. म्हणून सगळ्या वेळांची विभागणी, विशेषतः तिचे लांबलेले टोक, तपासावे लागते.

उपकरणेही घोळ घालतात. साधा पडदा साधारण १७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, कीबोर्ड आपली दिरंगाई जोडतो. ठरावीक उशीर वजा करता येतो, कमीजास्त होणारा नाही.

१९९७च्या एका चाचणीत ३ सोडून प्रत्येक अंकाला बटण दाबायचे असते. तिथे घाई करणाऱ्यांच्या चुका वाढतात, त्यामुळे चुकांचा आकडा वेगाशी ताडूनच वाचावा लागतो.