औषध सुटले, परिणाम उरला

खिन्नतेच्या विकारावरील आधुनिक औषधांनी अनेकांना पुन्हा उभे केले, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. फ्लुओक्सेटीनला १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्या जातीची औषधे लवकरच जगभर पसरली. ती चालू असताना कामेच्छा मंदावते, हा परिचित परिणाम आहे. औषध थांबले की तो बहुधा ओसरतो. परंतु काही स्त्रीपुरुषांच्या बाबतीत तो ओसरत नाही. इच्छा परतत नाही, जननेंद्रियांची संवेदना बोथट होते आणि ही अवस्था महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे टिकते. जून २०१९ मध्ये युरोपीय औषध नियामक संस्थेने माहितीपत्रकात तशी सूचना घालण्याची शिफारस केली. कॅनडानेही २०२१ मध्ये तसाच इशारा दिला.

हे किती जणांना भोगावे लागते, याचा भरवशाचा आकडा नाही. कारण उघड आहे: सांगणार कोण? कोल्हापूरसारख्या शहरात सोयरीक जुळविताना मानसोपचाराची गोष्टच दडविली जाते. तेथे ही दुसरी व्यथा पत्नीने पतीला वा पतीने डॉक्टरांना कोणत्या शब्दांत सांगावी? सांगितलीच, तर 'हा मूळ विकाराचाच भाग' असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. खिन्नतेनेही कामेच्छा मावळते, हे खरेच. म्हणूनच उपचारापूर्वीची स्थिती विचारून नोंदविलेली नसेल, तर दोष विकाराचा की औषधाचा, याचा निवाडा पुढे होऊ शकत नाही.

वस्तुतः या विषयावर बोलण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मधील आपल्या निधनापर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. प्रश्न विचारणे हाच जेथे गुन्हा ठरला, तेथे मौन हा स्वभाव बनावा, यात नवल नाही.

आज कायदा मात्र रुग्णाच्या बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या बाविसाव्या कलमानुसार उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम रुग्णाला समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा त्याला अधिकार आहे. कोल्हापुरात ती भाषा मराठी होय. तेव्हा औषध लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी संकोच सोडून दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे केसपेपरवर लिहावीत. रुग्णाच्या हाती मराठी माहितीपत्रक द्यावे. दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही तक्रार कळविता येते.

मात्र हे वाचून कोणीही चालू औषध एकाएकी बंद करू नये. तसे करणे घातक ठरू शकते. मात्रा वैद्यकीय सल्ल्यानेच, हळूहळू कमी करावयाची असते. भय पसरविणे जितके अनुचित, तितकेच सत्य दडविणेही. दुष्परिणाम ठाऊक असूनही औषध घेणारा रुग्ण आपला निर्णय स्वतः घेतो. अंधारात ठेवलेल्या रुग्णाचा निर्णय दुसऱ्यानेच घेतलेला असतो.