चतकोर, कटिंग आणि स्लाइस

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटापूर्वी खंडाळा लागते. अशा महामार्गावरील गावी रात्री उशिरापर्यंत सुटा पिझ्झा विकावयाचा, तर हिशेबाइतकाच शब्दांचाही विचार करावा लागतो. पिझ्झा मध्यातून चार वेळा कापला असता आठ भाग होतात. तीनच खपले, तर उरलेल्या पाचांचा भार दुकानावर पडतो. म्हणून एका भागाची किंमत अख्ख्याच्या अष्टमांशाहून अधिक ठेवणे भाग असते.

या भागास म्हणावे काय? भाकरीच्या चौथ्या हिश्शास मराठीत ‘चतकोर’ हा नेमका शब्द आहे. परंतु त्याला अपुरेपणाची, क्वचित याचनेचीही छटा चिकटली आहे. अधिक दाम मोजणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ती चालत नाही. ‘स्लाइस’ त्या छटेपासून मुक्त आहे. अर्ध्या पेल्याच्या चहास ‘कटिंग’ म्हणण्यामागेही हेच कारण संभवते.

खाद्यवाचक ‘पाव’ची गोष्ट निराळी. तो पोर्तुगीजांकडून वस्तूबरोबर आला. संस्कृत ‘पाद’पासून आलेल्या चतुर्थांशवाचक ‘पाव’शी त्याचे नाते नाही. तेथे उसन्या शब्दाने उणीव भरली. ‘स्लाइस’ने मात्र उणीव भरली नाही, स्वकीय शब्दाची छटा टाळली. उसनवारीची ही दोन कारणे अभ्यासकाने वेगळी ठेवावयास हवीत.