रक्तपेशीचे फाटक आणि मजुराचे पाणी

गिरणीच्या फाटकावर बिल्ल्यावाचून कोणास आत सोडीत नाहीत. तांबड्या रक्तपेशीच्या आवरणातही केवळ पाण्यालाच वाट देणारी प्रथिनांची फाटके आहेत. अमेरिकेतील पीटर आग्रे यांनी १९९२ साली हे प्रथिन बेडकाच्या अंड्यात तयार करविले. साध्या पाण्यात ठेवताच ते अंडे फुगून फुटले! या शोधास २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता विदर्भात व नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तक्षय पाहा. आईबाप दोघांकडून सदोष हिमोग्लोबिन आले की तो जडतो. अशा पेशीतून पोटॅशियम निसटते आणि त्यामागोमाग पाणीही फाटकातून निघून जाते. पेशी आटते, हिमोग्लोबिन दाट होते. प्राणवायू सोडताच त्याचे ताठ दोर वळले जातात. विळ्यासारखी वाकलेली पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबविते आणि माणूस वेदनेने तळमळतो.

दोष फाटकाचा नाही, हिमोग्लोबिनाचा आहे. पाणी प्याल्याने तो जात नाही. पण अंगातले पाणी आटले की झटक्याचा धोका वाढतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की उन्हात राबणारा असा मजूर घोटभर पाण्यासाठी थांबला तर त्याला कामचुकार म्हणू नका. कामाच्या जागी पाण्याचा माठ व सावली असणे हा त्याचा हक्क आहे.