दिवाणखान्याच्या मापाचे संगीत

शिंप्याच्या दुकानात, काळ्या लोखंडी अंगावर सोनेरी वेलबुट्टी मिरवणारे ‘सिंगर’चे यंत्र ज्याने पाहिले नाही असा मनुष्य आपल्याकडे विरळा, परंतु त्या यंत्राच्या नफ्यातून विसाव्या शतकातील युरोपीय संगीताची काही अपूर्व रत्ने निर्माण झाली, ही हकिगत फारशी कोणास ठाऊक नाही. १८५१ साली अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट घेऊन अमाप संपत्ती मिळविणारे आयझॅक सिंगर १८७५ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांची कन्या विनारेटा अवघी दहा वर्षांची होती. पुढे पॅरिसमध्ये, चौदाव्या वाढदिवसाची भेट म्हणून, दागदागिने न मागता, बेथोवनची चार तंतुवाद्यांसाठी रचलेली एक उत्तरकालीन, अत्यंत दुर्बोध मानली जाणारी कृती घरी ऐकावयास मिळावी असा हट्ट या मुलीने धरला.

पहिला विवाह धर्मपीठाने रद्द ठरविल्यावर १८९३ मध्ये त्यांनी एकोणसाठ वर्षांचे सरदार व संगीतकार एदमाँ द पोलिन्याक यांच्याशी विवाह केला. मोनेचे ट्यूलिपच्या शेतांचे एक चित्र लिलावात आपल्या हातून एका अमेरिकन बाईने पटकाविले म्हणून पूर्वी हळहळलेल्या या गृहस्थांच्या घरात ते चित्र त्या बाईबरोबरच आले. हा सहवास १९०१ मध्ये पतिनिधनाने संपला. परंतु संगीत हा त्याचा प्राण होता, आणि तो पुढेही टिकला.

विनारेटा स्वतः पियानो व ऑर्गन वाजवीत, म्हणूनच त्यांच्या आश्रयाला केवळ देणगीचे स्वरूप कधी आले नाही. प्रचंड वाद्यवृंदांचे दिवस सरत आले आहेत, हे ओळखून त्यांनी आपल्या दिवाणखान्यात मावतील अशा, मोजक्या वादकांच्या कृतींची फर्माईश केली. आणि माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व या अटीतच आहे, कारण त्या मर्यादेने रचनाकारांना काटकसरीचे नवे सौंदर्य शोधावयास लावले. स्ट्राविन्स्कीचे ‘रनार’ असेच जन्मास आले. एरिक सातीकडून त्यांनी सॉक्रेटिसावरील रचना मागविली. ते काम चालू असतानाच एका टीकाकारास पाठविलेल्या अपमानकारक पोस्टकार्डामुळे सातीवर कैदेची पाळी आली, तेव्हा विनारेटांनी पैशाची तजवीज करून त्यास सांभाळून घेतले.

२५ जून १९२३ च्या संध्याकाळी मात्र या दिवाणखान्याने आपली सार्थकता सिद्ध केली. स्पॅनिश संगीतकार फाया यांच्या बाहुलीनाट्यात मोठ्या बाहुल्या प्रेक्षकांच्या भूमिकेत होत्या आणि त्यांच्यासमोर लहान बाहुल्यांचा खेळ चालला होता; खेळातील संकट खरेच मानून प्रेक्षकांतला डॉन किहोते तलवार उपसून त्या लहान बाहुल्यांची दाणादाण उडवितो. जुन्या धाटणीचे हार्प्सिकॉर्ड हे वाद्य तेथे वांदा लांदोव्स्का यांनी वाजविले, आणि त्या कोमल नादाला एवढी जवळीक भव्य नाट्यगृहात क्वचितच लाभली असती.

पुलेंकचा दोन पियानोंसाठीचा कॉन्चेर्तो १९३२ मध्ये व्हेनिसला प्रथम वाजला, तोही त्यांच्याच मागणीवरून. पॅरिसमधील निराश्रितांसाठी ल कॉर्बुझिए यांनी बांधलेल्या आश्रयगृहासही त्यांनी मोठा निधी पुरविला. १९४३ मध्ये लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले. मृत्युपत्रान्वये लिलावातले ते ट्यूलिपचे चित्र फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहास मिळाले. आणि १९२८ मध्ये स्थापन झालेली त्यांच्या नावाची संस्था तो दिवाणखाना असलेल्या त्यांच्या पॅरिसच्या वाड्यात आजही मैफली भरविते.